शोकेसमधली जागा

त्या फोटोत तिच्या कानात जे झुमके आहेत ते माझे आहेत. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सांगताना पाय मागे घेतला तरी एवढं तरी खरं सांगून झालेलं असेल.

फोटो गेल्या महिन्यात मोबाइलवर आला. सौंसरला आमच्या शाळेत मधली सुट्टी झाली होती. मी डबा उघडून बसले होते आणि रोजच्यासारखी एका हाताने पोळी मोडत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन सरकवत होते. नोकरीची थोडी वर्षं राहिली आहेत. पोरींच्या वह्यांचा गठ्ठा समोर पडलेला असतो आणि मी मात्र कोणाच्या नातवाचं बारसं, कोणाच्या सुनेची पैठणी, कोण कुठल्या बर्फात उभं आहे ते पाहत बसते. पाहून बरं वाटत नाही. तरी पाहते. बोरगावजवळच्या तिच्या मळ्यातला संत्र्याचा बहार मी फोनवर इतक्यांदा पाहिला आहे की मला त्यातली झाडं ओळखू येतात. प्रत्यक्षात त्या मळ्यात मी एकदाही पाय ठेवलेला नाही. मोटारसायकलवर जाऊन चहा पिऊन परत येता येईल एवढंच अंतर आहे.

त्या दिवशी तिच्या सुनेने एक जुना फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, आमच्या सासूबाई, लग्नाआधी. रंग उडून फोटो तांबूस झालेला, मधोमध घडी पडलेली, पण डोळे तसेच. खाली बदामांची नुसती झड लागली होती. लोक लिहीत होते, काय रूप, काय साधेपणा. आणि या सगळ्यांच्या खाली तिने स्वतः लिहिलं होतं. कानातले माझ्या मैत्रिणीचे. हा फोटो तेव्हा बाजारात लागला होता. तो तिथून उतरवायला सांगण्यासाठी तीच एकटी माझ्यासाठी त्या दुकानात गेली होती.

त्याखाली लोकांनी मला हात जोडले होते. अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं, असं एकाने लिहिलं होतं.

मला आधी लाज वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. पण आधी जे वाटलं ते वेगळंच. वाटलं, अजूनही हिलाच पाहतात.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आम्ही पांढुर्ण्याला राहत होतो. बाबांचं कापडाचं दुकान बाजारगल्लीत, खाली दुकान, वर घर. वरच्या खोलीला एक अरुंद गॅलरी होती आणि तिच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, फोटो स्टुडिओ. स्टुडिओच्या दाराशेजारी भिंतीत एक उभं काचेचं कपाट बसवलेलं होतं. त्याला सगळं गाव शोकेस म्हणत असे. आत निळा मखमली कपडा, वर एक ट्यूबलाइट, आणि स्टुडिओवाल्या भाऊंनी निवडून लावलेले गावातल्या लोकांचे फोटो.

आपला फोटो शोकेसमध्ये लागावा म्हणून कोणी पैसे देत नसे. देऊन लागतही नसे. भाऊंच्या मनात आलं की लागायचा, मनातून उतरला की निघायचा, आणि त्यांच्या मनाचा ठाव कोणाला नव्हता. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी ते काच उघडून फोटो बदलत. दुसऱ्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेले लोक मिरच्या, मीठ, दोर घेण्याआधी शोकेससमोर उभे राहत. हा कोण, ती कोणाची, हिचं तर लग्न मोडलं होतं न, हा आता हिरोच दिसून राहिला. पानाच्या बोटांचा चुना काचेला लावून एका नवरदेवाला कोणीतरी मिशा काढल्या होत्या. त्या मिशा पाहायला, फोटो पाहायला आली होती त्याहून जास्त माणसं आली.

एका व्यापाऱ्याच्या दोन सुनांचे लग्नाचे फोटो भाऊंनी एकदा शेजारी शेजारी लावले. धाकटीचा मोठा, थोरलीचा लहान. थोरलीने घरात बोलणं टाकलं. सासू तणतणत स्टुडिओत आली आणि थोरलीचाही तेवढाच मोठा करून घेऊन गेली, शिवाय सगळ्या घराचा एक ग्रुप फोटो काढायला सांगून गेली. ती गेल्यावर भाऊ बाबांकडे चहाला आले आणि हसत म्हणाले की शेठ, लोक खूश असले तं एक फोटो काढतात, जळले तं चार.

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसून. ऐकून शहाणी झाले नाही.

ती सावरगावची. जाम नदीच्या पलीकडे, पूल ओलांडला की त्यांचं गाव. घरी कापूस आणि थोडी संत्री, वडील लवकर गेलेले, घराचा कारभार मोठ्या भावाकडे. त्यांच्या घरात कॉलेजला जाणारी ती पहिली. काकालोकांचा विरोध होता, पण भावाने त्यांना गप्प केलं होतं आणि तिला एकच अट घातली होती की गावात तिच्या नावाने काही चर्चा व्हायला नको. तिला मास्तरीण व्हायचं होतं. मला काय व्हायचं होतं ते मला ठाऊक नव्हतं, पण ती कॉलेजात जाणार म्हणून मीही जाणार होते. शाळेपासून आम्ही सोबत. ती रोज पुलावरून यायची, आमच्या दुकानापाशी थांबायची, मी खाली उतरायची आणि आम्ही पुढे जायचो.

कॉलेजच्या प्रवेशासाठी फोटो लागत होते म्हणून आम्ही दोघी स्टुडिओत गेलो. तिचे कान रिकामे होते. कापसाच्या काड्या घालून ठेवायची ती. मीच माझे झुमके काढून तिच्या कानात घातले, आणि मी आईच्या कुड्या घातल्या. आमचे साधे फोटो निघाले. मग भाऊ म्हणाले की कोण्या लग्नाच्या रंगीत रोलमध्ये एक फोटो उरला आहे, तो संपला की रोल उद्या नागपूरला धुवायला जाईल, तुमच्यातलं कोणीतरी बसा. तेव्हा गावात रंगीत फोटो म्हणजे लग्नाचंच काम. मी म्हटलं, मी बसते. आणि आरशासमोर गेले. केसांची एक बट काही केल्या बसेना. मी पिन तोंडात धरून ती बसवत होते, आणि मागे भाऊ घाई करत होते, आणि ती नुसती स्टुलावर बसलेली होती माझी वाट पाहत. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हसली असेल. तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं.

"झालं," भाऊ म्हणाले. "संपला रोल."

एवढंच झालं. यात तिचा काय दोष होता ते मी इतकी वर्षं शोधते आहे.

नागपूरहून रोल धुवून आला आणि पुढच्या बाजारी शोकेसच्या मधोमध, सगळ्या काळ्यापांढऱ्या नवरानवरींच्या वर, ती. मोठी करून लावलेली. मान वळलेली, अर्धवट हसू, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात माझे झुमके. काचेपुढे लोक थांबायला लागले. मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसत असे, आणि पुस्तकाच्या कडेवरून पाहत असे. कोण थांबलं, कोण परत वळून आलं, कोणी कोणाला कोपर मारलं. एखादा माणूस न थांबता गेला की मला त्या माणसाबद्दल माया वाटायची. अभ्यासाचं म्हणाल तर त्या दिवसांत मी काय वाचलं यातलं मला काही आठवत नाही, पण समोर कोण उभं होतं ते आठवतं. जेवता जेवता उठून पाहून यायची. आई विचारायची, काय आहे वो तिथं सारखं? मी म्हणायची, हवा घेऊन राहिली.

रोज वाटायचं की आज तो निघाला असेल. रोज असायचाच.

तिला कळलं तेव्हा ती आधी लाजली, मग हसली, मग दोन दिवसांनी गप्प झाली. पानठेल्यावरची पोरं तिला ओळखायला लागली होती. ती पुलावरून उतरून बाजारात आली की कोणी फोटोकडे बोट दाखवायचं, कोणी तिच्याकडे, आणि मग आवाजात आवाज मिसळायचे, की काचेत बरी दिसते का बाहेर. तिने आमच्या दुकानापाशी थांबणं सोडलं. रेल्वेच्या बाजूने लांबून कॉलेजला जायला लागली. मला एकटीला गल्लीतून जावं लागायचं, आणि माझ्याकडे पाहून कोणी काही म्हणायचं नाही. खरं सांगते, मला वाटायचं, एकदा तरी म्हणावं.

पोळा जवळ आला तशी ती एका दुपारी वर गॅलरीत आली. ओढणीने तोंड अर्धं झाकलेलं होतं. बसली नाही.

"तू सांग न वो त्या भाऊले. तुमच्या समोरचाच हाय तो."

"तूच सांग न," मी म्हटलं.

"मी गेली तं अजून चार जणं गोळा होतीन." मग ती भिंतीकडे पाहत बोलली. "गोटमारीच्या दिवशी सकाळी, दगड सुरू व्हायच्या आधी, घरचे सगळे देवीच्या दर्शनाले इकडं येतीन. याच गल्लीतून. दादानं पाहिलं तं माझं कॉलेज गेलं समज."

मी हो म्हटलं. त्याच वेळी माझ्या मनात काय चाललं होतं तेही लिहिते. मला वाटत होतं, ही मिरवून राहिली. फोटो नको नको म्हणते आणि त्याच्याबद्दल बोलायला एवढ्या उन्हात पूल ओलांडून येते. ओढणी ती सारखी तोंडावर ओढून घेत होती. तेही मला मिरवणंच वाटलं.

संध्याकाळी मी स्टुडिओत गेले. भाऊ निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत बसले होते, कोणाच्या तरी गालावरचे देवीचे व्रण पुसत होते.

"भाऊ, तो फोटो," मी म्हटलं. "शोकेसमधला. रंगीत."

"पाहिला न?" त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. "काय आला बावा तो. जो येते तो म्हणते, आम्हाला असाच पाहिजे."

मी तिथे उभी राहिले. तो काढून टाका, तिच्या घरी त्रास होईल, इतकंच बोलायचं होतं. पण तो काढला गेला असता तर तिच्या सांगण्यावरून निघाला असता. काचेमागून ती स्वतः उतरून गेली असती आणि लोक हळहळले असते. मला ती उतरवली जायला हवी होती. हा फरक तेव्हा शब्दांत कळत नव्हता, पण जीभ त्याच फरकाने अडली. तोंडून निघालं ते हे.

"माझा नाही लावत का?"

भाऊ हसले. वाईट हसले नाहीत, पोरीशी हसतात तसे हसले. "लावू न बाई. तुझाही लावू. जागा झाली की लावतो."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी तिला म्हटलं, सांगितलं त्यांना. पोळ्याच्या आत काढतो म्हणाले. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

हे खोटं बोलताना मला फारसं जड गेलं नाही, त्याला कारण होतं. आमच्या गल्लीत दरवर्षी पोळा लागला की काचा आत जात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक, पांढुर्णा एका काठाला आणि सावरगाव दुसऱ्या, आणि दगडांनी तापलेली गर्दी कुठून कशी वळेल याचा नेम नसे. मिठाईवाला आपलं काचेचं कपाट मागच्या खोलीत नेई, घड्याळवाला फळ्या लावी, आणि भाऊ शोकेस रिकामं करून त्याला पत्रा ठोकत. लहानपणापासून मी हेच पाहत आले होते. म्हणजे मी सांगो न सांगो, फोटो पोळ्याच्या आत निघणारच होता. माझं खोटं आपोआप खरं होणार होतं. मला ते हुशारीचं वाटलं.

पोळ्याच्या सकाळी मी गॅलरीत उभी होते. भाऊंनी काच उघडली, एकेक फोटो काढून वर्तमानपत्रात गुंडाळला. तिचा निघाला तेव्हा निळ्या मखमलीवर एक गडद चौकोन राहिला, बाकीचा कपडा उन्हाने फिका पडलेला. मला इतकं हलकं वाटलं की मी आत जाऊन आईला पुरण वाटायला लागले.

परत आले तर भाऊ सायकलला एक लाकडी फळा बांधत होते. त्यावर फोटो टाचलेले होते. मधोमध ती. खाली बाबा दुकानाच्या पायरीवर उभे राहून विचारत होते की आज कुठे स्वारी.

"सावरगावच्या पोळ्यात दुकान लावून राहिलो शेठ," भाऊ म्हणाले. "बैलांसोबत फोटो. लोकांनी नमुने पाहिले पाहिजेत न."

मी वरून ऐकलं. सायकल अजून गल्लीत होती. भाऊ पॅन्टच्या पायाला दोरी बांधत होते, मग फळा डोलतो का पाहत होते, मग परत बांधत होते. हाक मारायला भरपूर वेळ होता. वरून नुसतं म्हणायचं होतं की भाऊ, तेवढा एक फोटो ठेवून जा. ते ठेवून गेले असते. त्यांना काय फरक पडत होता.

मी गॅलरीचा कठडा धरून उभी राहिले. आणि माझ्या मनात आलं की दिसू दे. एवढं आहे न तिला लोकांनी पाहण्याचं, मग घरच्यांनाही दिसू दे.

सायकल पुलाकडे वळली.

पुढचं मला भाऊंच्याच तोंडून कळलं. संध्याकाळी ते बाबांशी बोलत होते आणि त्यांना काही उमगलेलं नव्हतं. सावरगावला तोरणाखाली बैल उभे होते, शिंगांना बेगड, अंगावर झुली, झडत्यांची गाणी चालली होती, एका बाजूने टोमणा गेला की दुसऱ्या बाजूने त्याच्यावर चढ. एक उंच पोरगा आपली जोडी घेऊन फोटोला आला. दोन बैलांच्या मधे उभा राहिला, दोन्ही कासरे हातात, आणि भाऊ म्हणाले इकडं पाहा, तर तो फळ्याकडे पाहायला लागला. जवळ आला. टाचण्या काढल्या, फोटो हातात घेतला आणि विचारलं की हा किती दिवसांपासून आहे तुमच्याकडे. भाऊंनी अभिमानाने सांगितलं की शोकेसमध्ये सगळ्यांच्या वर होता, अख्खं पांढुर्णं पाहून गेलं. त्या पोराने फोटो पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिला. मग त्याची घडी घातली, खिशात ठेवली, पैसे दिले आणि बैल घेऊन निघून गेला. स्वतःचा फोटो काढलाच नाही.

"घडी घातली शेठ," भाऊ पुन्हा पुन्हा म्हणत होते. "एवढ्या मोठ्या रंगीत फोटोची घडी घातली त्यानं."

दुसऱ्या दिवशी गोटमार. आम्ही दारं लावून घरात. नदीकडून ओरडा यायचा, ढोल यायचा, मधेच सगळं थांबायचं आणि पुन्हा उठायचं. मी दिवसभर पुलाचा विचार करत होते, की तो मधे आहे आणि दगड सुरू झाल्यावर त्यावरून कोणी येऊ शकत नाही. त्याने मला बरं वाटत होतं.

ती कॉलेजात आली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तेव्हा आईनेच मला ढकललं. मी सावरगावला गेले. तिचा मोठा भाऊ, तोच तो घडी घालणारा उंच पोरगा, अंगणात सरकी पाखडत होता. चांगलं बोलला. म्हणाला, "या बाई. तुम्ही शिकून घ्या. आमच्याकडचं झालं आता." तिने चहा आणला. रुमालात बांधलेले माझे झुमके आणले. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "तू तं सांगितलं होतं न त्याले. त्यानंच ऐकलं नाही. तू कायले रडते?"

मी रडत होते हे खरं आहे. कशासाठी ते तिला चुकीचं वाटलं, आणि मी तसंच राहू दिलं.

आता जे लिहिते ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. परत आल्यावर चारपाच दिवसांनी मी तेच झुमके घालून स्टुडिओत गेले आणि रंगीत फोटो काढून घेतला. भाऊंनी दिलेला शब्द पाळला. जागा झाली होती. गडद चौकोनाच्या जागी माझा फोटो लागला, फक्त तो थोडा लहान होता, म्हणून कडेने गडद मखमलीची एक चौकट दिसत राहायची.

मी गॅलरीत बसले. बाजाराच्या दिवशी लोक आले. पानठेल्यावरची पोरं आली, काचेत डोकावली, आणि एकाने विचारलं की ती कुठं गेली बे. मग पोरं गेली. दिवाळीला भाऊंनी माझा काढून एका जोडप्याचा लावला. मला सांगितलंही नाही, सांगायचं काही नव्हतंच.

त्या हिवाळ्यात तिचं लग्न झालं, बोरगावजवळच्या मळेवाल्यांकडे. मी बी.ए. झाले, बी.एड. केलं, मास्तरीण झाले. तिला जे व्हायचं होतं ते मी झाले आणि त्यासाठी मला काही विशेष करावंही लागलं नाही. तरी हेवा सुटला असं समजू नका. मधे एकदा जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाच्या रांगेत ती भेटली होती, नवरा, पोरं, सासू असा सगळा गोतावळा. तिने नवऱ्याला सांगितलं, "हेच ते बाई. माझ्यासाठी गेली होती दुकानात." नवऱ्याने मला वाकून नमस्कार केला. मी त्या माणसाकडे पाहिलं, तिच्या भरलेल्या हातांकडे पाहिलं, आणि मारुतीपुढे उभी राहून मनात जे मागितलं ते मागणं नव्हतं. कुरकुर होती.

मग फोन आले. तिचा मळा, तिचे नातू, तिच्या सुनेने केलेल्या वड्या रोज माझ्या हातात यायला लागल्या. गॅलरीतून उठून निदान जेवायला तरी जावं लागायचं. आता जेवतानाही उठावं लागत नाही. पोस्ट कोणी पाहिली, कोणी काय लिहिलं, माझ्या मुलाच्या फोटोला किती आणि तिच्या नातवाच्या फोटोला किती. आणि एखाद्याने तिला काही वाकडं लिहिलं की माझा अंगठा तिथे थांबतो. चुन्याच्या मिशा पाहायला लोक थांबायचे, तसाच.

म्हणून त्या दिवशी सुनेच्या फोटोखाली ते हात जोडलेले पाहिले तेव्हा डबा तसाच बंद केला. त्यांनी जिला हात जोडले ती कोणीतरी वेगळीच बाई होती. तिचाही मला हेवा वाटला.

फोटोखाली मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. तिथे सगळ्यांसमोर लिहिणं म्हणजे पुन्हा शोकेसमध्येच जाणं होतं. रविवारी दुपारी मी तिला फोन केला. मागे पेट्यांना खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. संत्री भरायचं काम सुरू असेल.

"काय वो," ती म्हणाली. "आज कशी काय आठवण?"

मी आडवळण घेतलं नाही. घेतलं असतं तर तिथेच राहिले असते.

"मी त्या भाऊला सांगितलंच नव्हतं," मी म्हटलं. "तुझा फोटो काढून टाका म्हणून बोललीच नाही मी. माझा लावा म्हटलं."

खिळे ठोकणं चालू होतं. तिने कोणाला तरी हाताने थांबवलं असावं, कारण ते बंद झालं.

"आणि पोळ्याच्या दिवशी?"

ती हे विचारेल असं मला वाटलं नव्हतं. "गॅलरीत होती मी. तुझा फोटो घेऊन तुमच्या गावाकडे निघालेलं पाहिलं त्याला. हाक नाही मारली."

मी फोन कानाशी धरून बसले. माझ्या खोलीतला पंखा फिरत होता आणि मला वाटत होतं की तिने शिव्या द्याव्यात. चाळीस वर्षांच्या शिव्या साठलेल्या असतीलच माझ्या नावाच्या, फक्त त्या चुकीच्या पत्त्यावर जात होत्या.

"मग लावला का त्यानं तुझा?"

"लावला."

"कोणते झुमके घातले होते?"

"तेच."

मग तिने ज्या आवाजात सांगितलं त्यात राग नव्हता, मायाही नव्हती. एखादी राहिलेली गोष्ट सांगावी तसं.

"मले तेव्हा कोणी घराबाहेर पडू देलं नाही. नाहीतं मी आली असती पाहाले."

आणि म्हणाली की गाडी आली आहे पेट्यांची, ठेवते. खिळे पुन्हा ठोकायला लागले ते मला ऐकू आलं, मग फोन बंद झाला.

ती खरंच आली असती. पूल ओलांडून, त्या पोरांच्या समोरून, माझा फोटो पाहायला उभी राहिली असती आणि चांगला आला म्हणाली असती. मी तिच्या फोटोसमोर कधी एकदाही तशी उभी राहिले नाही. गॅलरीतूनच पाहिला. हे तिला जमलं असतं आणि मला जमलं नाही, याचाही मला हेवाच वाटला, आणि तो या सगळ्यात सर्वांत खोल गेला.

संध्याकाळी मी पुन्हा फोन उघडला. उघडणारच होते. फोटो होता तिथेच होता, बदाम वाढलेच होते. खाली तिने लिहिलेलं मी शोधलं. दुकानाचं, मी एकटी गेल्याचं, सगळं तिने काढून टाकलं होतं. मला जोडलेले हात खाली तसेच लटकत होते, कशाला ते आता कोणाला कळलं नसतं.

एक ओळ तिने ठेवली होती. कानातले माझ्या मैत्रिणीचे.